तांडेल सरांची परतीची गोष्ट

तांडेल सरांनी कुठलीही गोष्ट कधी शेवटापर्यंत नेली नाही. दोह्यातल्या आमच्या शाळेत ते इतिहास-भूगोल शिकवत आणि प्राचीन ग्रीस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या गोष्टीतला माणूस लढाई संपवून घरी निघायचा, वादळात सापडायचा, गलबत फुटलं की फळीला धरून तरंगायचा आणि एकदाचा आपल्या गावाच्या किनाऱ्याला लागायचा. सगळा वर्ग गप्प. मग सर खडू खाली ठेवून हात झटकायचे. "घरी पोचल्यावर काय झालं, सर?" असा एकच गलका व्हायचा आणि सर शांतपणे म्हणायचे, "नेक्स्ट पिरियड." पुढच्या तासाला नवा माणूस, नवं गलबत. किनाऱ्यावर सोडलेला कालचा बिचारा तसाच ओल्या कपड्यांत उभा राहायचा.

हे सगळं मला ठाऊक, कारण आमच्या वर्गांमधली भिंत नावापुरतीच होती. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मुलं वाढली, खोल्या पुरेनात, म्हणून शाळेने मैदानात पोर्टाकेबिनं आणून ठेवली होती. एका बाजूला मी केरळच्या मुलांना हिंदी शिकवत असे, म्हणजे एका मराठी बाईने मल्याळी मुलांची हिंदीची लिंगं सुधारायची, आणि पलीकडे तांडेल सर. एसीच्या घरघरीवर चढून त्यांचा आवाज यायचा. माझी मुलं फळ्याकडे बघत आणि कान भिंतीला लावत. पहिले काही दिवस मी चिडले. मग मीही धडा लवकर आटपून ऐकू लागले, कारण नवरा दिवसभर ऑफिसात, फ्लॅटमध्ये बोलायला कोणी नाही, आणि त्या परक्या गावात मराठी वळणाचा आवाज कानावर पडणं हेच मोठं सुख होतं.

सरांची प्रत्येक गोष्ट एकाच वाक्याने सुरू व्हायची. "समुद्र होता, डोंगर होता, आणि मधे माणूस अडकला होता." इंग्रजीतून शिकवतानाही हे वाक्य ते आधी मराठीत म्हणायचे. पोरांना अर्थ कळो न कळो, सगळा वर्ग सुरात म्हणायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, ग्रीकांचे जुने गवई असंच करायचे. ठरलेलं वाक्य तोंडात तयार ठेवायचं. ते म्हणेपर्यंत पुढचं आठवतं. आणि ऐकणाऱ्याला कळतं, आता बसायचं, उठायचं नाही."

त्यांचं खरं आडनाव निराळं. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे हे मुसलमान गृहस्थ. आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, खजूर आणायला थेट बसऱ्यापर्यंत जात. ही हकिकत सरांनी स्टाफरूममध्ये एकदा सांगितली आणि आम्ही चार मराठी माणसांनी त्यांना तांडेल करून टाकलं. उंच, किडकिडीत, दाढीत पांढऱ्याचा शिरकाव, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. नमाजाची वेळ झाली की गोष्ट अर्ध्यावर सोडून जायचे. अर्थात गोष्ट अर्ध्यावर सोडायला त्यांना कुठलंही निमित्त चालायचं.

भूगोल शिकवायला त्यांना नकाशा लागत नसे. वह्यांना घालायचा खाकी कागद घ्यायचे, मुठीत चुरगाळायचे, थोडा उलगडून ट्रेमध्ये ठेवायचे आणि वरून पाणी ओतायचे. "हे ग्रीस. बघा, या खळग्यातलं गाव त्या खळग्यातल्या गावाला कधी भेटणार? मधे डोंगर. म्हणून गावागावाचा राजा वेगळा, देव वेगळा, बोली वेगळी. जायचं तर पाण्यातून." पाण्यावर उरलेली कागदाची टोकं म्हणजे बेटं. मग दुसरा कागद काढायचे, हाताने सपाट करायचे आणि म्हणायचे, "हा कतार." मुलं खो खो हसायची. पाणी जमिनीवरून वाहत माझ्या वर्गात यायचं आणि माझ्या मुलांची दप्तरं भिजायची. मुख्याध्यापिकांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा त्या रागावून आल्या त्या ट्रेपाशीच थांबल्या आणि त्यांनीही एक बेट बोटाने दाबून पाहिलं.

"ग्रीस म्हणजे आपलं कोकणच हो, बाई," ते म्हणायचे. "पाठीला डोंगर, पुढ्यात खाडी, जमीन मूठभर. फक्त भाताच्या जागी जव आणि माडाच्या जागी ऑलिव्ह. पोटाला पुरत नाही म्हणून माणूस बाहेर पडतो. तेही पडले, आम्हीही पडलो." हिवाळ्यात दर्या खवळायचा म्हणून ग्रीक गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवत, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर घेऊन माडाच्या झापांनी शाकारतात तशीच. गोष्टी सांगायचा हंगाम तो. "आणि आपला हंगाम?" मी विचारलं. "आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत किनाऱ्याला लागतो. पण तेव्हा कुणाला ऐकायला वेळ नसतो." हे ते हसत हसत म्हणाले, म्हणून मी तेव्हा सोडून दिलं.

दोह्याच्या बिन महमूद भागात आमच्या मागच्याच गल्लीत ते राहायचे. दोन खोल्या, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. आईवडील म्हातारे, वाडी बघायला कोणी नाही, शिवाय शाळेचा पगार फॅमिली व्हिसात बसणारा नाही, त्यामुळे बायको झुलेखा आणि एकुलती मुलगी गावीच राहिल्या. असे संसार तिथे पैशाला पासरी होते. पण दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सरांच्या घरी पंगत बसायची, तशी मात्र मी दुसरीकडे पाहिली नाही. कुणी बीडचा ड्रायव्हर, कुणी सोलापूरचा इलेक्ट्रिशियन, कुणी रायगडचा क्लार्क, कुणी कुणाच्या ओळखीने आलेला. हामूर माशाचं नारळातलं कालवण, भात, सोलकढी. आम्ही मासे न खाणारे, म्हणून आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात आमटी. हे पातेलं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, अशी त्यांनी स्वतःलाच ताकीद दिली होती.

पंगतीचा नियम एकच. जेवण होईपर्यंत कुणी कुणाला नाव, गाव, कंपनी विचारायची नाही. आता आखातात राहिलेल्या माणसाला विचारा, हे किती अवघड आहे. तिथे दोन मराठी माणसं भेटली की पहिल्या दमात कंपनी कोणती, व्हिसा कसला, फॅमिली की बॅचलर, हे विचारून घेतात, पाणी मागाहून. माझे यजमान तर त्यात पटाईत. एका शुक्रवारी शिंदे नावाचा बीडचा एक ड्रायव्हर पहिल्यांदाच आला होता. आमच्या ह्यांनी भात वाढता वाढता सहज विचारलं, "कोणत्या कंपनीत तुम्ही?" शिंदेचा घास हातातच राहिला. तो उठला, हात न धुता चपला घातल्या आणि जिना उतरू लागला. तो मालकाकडून पळून आला होता, हे आम्हांला काय माहीत? सर तसेच उष्ट्या हाताने मागे धावले. खालून त्यांचा आवाज ऐकू आला, "आधी जेव. तू कोण, मला ठाऊक नाही आणि पोट भरेपर्यंत जाणून घ्यायचंही नाही. यल्ला, चल वर."

शिंदे परत आला, जेवला, आणि सोलकढीची वाटी रिकामी झाल्यावर त्याने आपणहून सगळं सांगितलं. मालक कसा, गाडी कशी, घरी आई कशी. बोलता बोलता तो मोठा गडी रडला. त्यानंतर सरांनी आमच्या ह्यांच्याकडे वळून जरासुद्धा आवाज न चढवता सांगितलं, "हा नियम माझा नाही, भाऊ. ग्रीकांचा आहे. दारात परका आला की त्याला पाय धुवायला पाणी, मग बसायला जागा, मग जेवण. त्यानंतर यजमानाने विचारायचं, पाहुण्या, तू कोण, कुठून आलास, वाटेत काय पाहिलंस. आणि मग विचारायलाच हवं. जेवू घालून न विचारणं म्हणजे त्याला उपाशी धाडणं." आमचे हे मान खाली घालून आमटी ओरपत राहिले. पुढे शिंदेचं प्रकरण वकिलातीत मिटलं आणि तो दर शुक्रवारचा गिऱ्हाईक झाला.

जेवणानंतर आळीपाळीने प्रत्येकाने आपली हकिकत सांगायची. सर भिंतीला टेकून ऐकायचे आणि मधून "मग?" एवढंच विचारायचे. त्या एका शब्दावर माणसं तासतासभर बोलायची. ज्यांना आठवडाभर "चावी दे", "गाडी काढ" याखेरीज कुणी काही म्हटलेलं नसायचं, ती माणसं आपल्या विहिरीचं पाणी कसं लागतं तेसुद्धा सांगायची. एकदा शिंदेने उलट विचारलं, "सर, आता तुमचं सांगा की." सर हसले. "मी यजमान. यजमानाला कुणी विचारत नसतं. पाहुणा होईन तेव्हा विचार." आणि भांडी गोळा करायला उठले.

घरी फोन करायचे तेव्हा मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. एक-दोनदा मी समोरच होते. फोनचं कार्ड खरवडायचं, लांबलचक आकडे दाबायचे आणि पलीकडून आवाज आला की घाईघाईने, "कौलं बदलली? आईचा खोकला? आंबा विकला? गॅस आला? बरं, बरं." तेवढ्यात कार्ड संपल्याची बाई बोलायची. फोन ठेवून म्हणायचे, "झाल्या मेंढ्या मोजून." त्याचा उलगडा त्यांच्याच वर्गात झाला. ग्रीकांच्या जुन्या राजवाड्यांत म्हणे लिहिता येई, पण लिहीत काय? मेंढ्या किती, तेल किती, जव किती. मग राजवाडे जळाले आणि सारा देश लिहिणंच विसरला. कैक पिढ्या अक्षर नाही. त्या काळात तगल्या त्या गोष्टी, कारण त्या तोंडात होत्या. "माझ्या घरी माझ्या नावाने सगळ्या मेंढ्या आहेत, बाई," ते म्हणाले. "गोष्ट एकही नाही."

कधी संध्याकाळी आम्ही सगळे कॉर्निशला, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला जायचो. तिथे नांगरलेली लाकडी गलबतं बघताना सरांचा चेहरा उजळायचा. आमच्या इमारतीचा मालक, एक वयस्क कतारी, त्यांना तिथेच भेटला. दोघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी, मोडकी अरबी आणि भरपूर हातवारे. त्या म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या बापाच्या काळी मोती काढायला जाणाऱ्या गलबतावर एक गवई असायचा. त्याचं काम गाणं. वल्ही ओढणाऱ्यांना बळ यावं आणि पाण्यात उतरणाऱ्यांना घर आठवावं, म्हणून त्याला घेऊन जात. सर लहान मुलासारखे टाळ्या पिटत माझ्याकडे आले. "बाई, इथंही होता! मी उगाच कागद सपाट केला. माफी मागितली पाहिजे पोरांची." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खरंच मागितली.

त्याच जागी, कठड्याला टेकून, एकदा ते मनातलं बोलले. उन्हाळ्याची सुट्टी संपवून ते नुकतेच परतले होते. सुट्टी कशी झाली विचारलं की दर वर्षी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "पाहुणचार उत्तम झाला." त्या दिवशी मी म्हटलं, "स्वतःच्या घरी कसला पाहुणचार?" ते म्हणाले, "झुलेखा माझ्यासाठी काचेच्या कपाटातली फुलांची बशी काढते. बाकी घर स्टीलच्या ताटात जेवतं. पोरगी मला खुर्ची देते आणि स्वतः उभी राहते. प्रेमच आहे ते, दुसरं काय? पण जेवण झालं की कुणी विचारत नाही. त्यांना वाटतं, मी दमलोय. मला वाटतं, आता विचारतील. इतक्यात सुट्टी संपते." पुढे म्हणाले, "ग्रीसमध्ये एका बेटावरून पुढचं बेट दिसतं म्हणून माणूस निघाला. इथून बघा, पलीकडे काही दिसत नाही, तरी आपण आलो. मला समुद्राचं भय नाही. मी कायमचा घरी जाईन आणि तेव्हाही कुणी विचारलं नाही तर? तेवढं एक मनात आहे." मी थर्मासमधला चहा ओतून दिला.

मग एकदाची त्यांची निवृत्ती आली. तोवर शहराचं रूपच पालटलं होतं. समुद्राच्या काठावर क्रेन उभ्या राहिल्या, शाळा अल थुमामाच्या बाजूला पक्क्या इमारतीत गेली, भिंती जाड झाल्या आणि मला त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. शेवटच्या तासाला मी मुद्दाम त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. माणूस किनाऱ्याला लागला, वाळूतून चालत घराच्या दारापाशी आला आणि घंटा झाली. वर्गाने बाकं बडवली. आज तरी सांगा, आज तरी सांगा. सर म्हणाले, "मलाही ठाऊक नाही रे. घरी पोचलो की कळवतो." मुलांना वाटलं, सर थट्टा करतायत.

विमानतळावर शिंदेने सामान उचललं. सरांनी आमटीचं ते पातेलं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "शुक्रवार बंद करू नका." मी हो म्हटलं. आम्ही तो चालवलाही काही दिवस, आमच्या घरी. पण "मग?" असं विचारणारं कोणी नव्हतं. पोरं टीव्ही लावायची, पुरुष कंपन्यांचं बोलायचे, आणि हळूहळू पंगत विरून गेली. त्या गल्लीतून जाताना मी मान वर करून त्यांच्या गॅलरीकडे बघायचे. तिथे आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत असत. आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मी गावी फोन करायचे. ते म्हणायचे, ऊन फार आहे, माडाला कीड लागलीय, गुडघा दुखतो. मी धीर करून विचारलं, "सर, शेवटाचं काय झालं?" ते म्हणाले, "कळवतो, बाई. अजून जेवणच चाललंय." आणि वर्षही झालं नसेल, तोच एका सकाळी शिंदेचा फोन आला. सर गेले. पहाटे फजरच्या नमाजाला उठले होते, तिथेच. शिंदे पलीकडे रडत होता आणि मी हातात खडू घेऊन वर्गाच्या दारात उभी होते.

त्या उन्हाळ्यात सुट्टीवर आल्यावर मी एकटीच त्यांच्या गावी गेले. तरीच्या होडीतून खाडी ओलांडावी लागते. डोंगर पार पाण्यापर्यंत उतरलेला आणि घरं खळग्याखळग्यांतून बसवलेली. चुरगाळलेला खाकी कागद मला तिथे पहिल्यांदा खरा दिसला. झुलेखाभाभी दारात आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावर पदर. मी शाळेतली एवढं सांगताच त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि काचेच्या कपाटातून फुलांची बशी काढली. मासे खात नाही हे त्यांना कसं ठाऊक होतं कोण जाणे, पण पुढ्यात आमटी-भात आला.

मी जेवत असताना त्या खाली चटईवर बसून वारा घालत होत्या. बशीकडे बघत म्हणाल्या, "ताई, पैले दोन महिने मी त्यांना हीच बशी दिली. एक दिवस आपणच फडताळातलं स्टीलचं ताट काढलं आणि चुलीपाशी माझ्या शेजारी येऊन बसले. जेवले. हात धुतला नाय, तसेच बसून ऱ्हायले. मला म्हणाले, झुलेखा, आता इचार मला, तू कोण, कुठून आलास."

"मग?" मी म्हटलं.

"मी हसले, ताई. म्हटलं, म्हातारपणी काय थट्टा चाललीय. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि भांडी घासायला उठले. त्यांनी परत कदी म्हटलं नाय. मला काय म्हायती, खरंच इचारायचं व्हतं?" पंखा त्यांच्या हातात थांबला होता. "उभ्या जन्मात माझ्या घरात राहिले ते सुट्टीसुट्टीने. बाकी सगळे दिस तुमच्याकडे. आता मी कुणाला इचारू?"

मी शेवटचा घास खाल्ला. त्यांनी बशी उचलली नाही. चटई ओढून माझ्या खुर्चीपाशी सरकल्या, पदर सावरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "झालं ना पोटभर? मग आता सांगा ताई. ते कोण व्हते, तिकडं काय करायचे?"

तेव्हा मी ते ठरलेलं वाक्य म्हणून टाकलं, पुढचं आठवेपर्यंत. समुद्र होता, डोंगर होता, आणि मधे माणूस अडकला होता.

"मग?" झुलेखाभाभी म्हणाल्या.